बायकोची डॉक्टरकी आणि आमचं बिऱ्हाड

प्रश्न : ताई नमस्कार. तुमचं सदर दर महिन्याला वाचतो, लिहितोय मात्र पहिल्यांदाच, आणि तेही बायकोला न सांगता, छापून आलं की सांगेन. बायको पीडियाट्रिशियन आहे, एमडी झालंय, वय ३३. तिला निओनेटॉलॉजीच करायचंय, म्हणजे एनआयसीयूमधली, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली, दिवस पुरे न भरलेली बाळं, आणि हे ती लग्नाच्या आधीपासून सांगतेय त्यामुळे मला अंधारात ठेवलं असं काही म्हणता येणार नाही. ड्युट्या सांभाळून तिनं एमआरसीपीसीएच, ही इंग्लंडची बालरोगतज्ज्ञांची परीक्षा, पूर्ण केली, त्याच्या आधी कधीतरी यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेची, स्टेप वन पण पास झाली होती. आता इंग्लंडमधल्या एका छोट्या शहरातल्या हॉस्पिटलनं तिला एक वर्षाची क्लिनिकल फेलोची जागा देऊ केलीय, ट्रेनिंगची पोस्ट नाही, नुसती नोकरी. तिचे बॅचमेट अमेरिकेत आहेत ते म्हणतात थांब, स्टेप टू दे, मॅचला, म्हणजे तिथल्या ट्रेनिंगच्या जागावाटपाला, बस, नंतर आयुष्यभर बघायला नको. एक सीनियर सर ऑस्ट्रेलियाचं सांगतात. मी सिव्हिल इंजिनियर, साइटवरचा माणूस, माझं काम घरी लॅपटॉप उघडून होणारं नाही. मुलगी ४ वर्षांची आहे. आई ६८ वर्षांची, एकटी, तब्येत आत्ता ठीक.

आम्ही दोघांनी बसून एक एक्सेल शीट केली, हवामान, शाळा, घरभाडं, पगार, सुरक्षितता, ओळखीचे लोक अशा अकरा कॉलममध्ये प्रत्येकाला दहापैकी मार्क दिले, आणि तिन्ही देशांच्या बेरजेत दोन मार्कांचा फरक आला. हसावं की रडावं. वर नातेवाईक म्हणतात हा बायकोच्या मागे चाललाय. इंग्लंडच्या हॉस्पिटलला तीन आठवड्यांत उत्तर द्यायचंय. कुठे जावं?
— साइटवरचा नवरा

उत्तर : तुमच्या एक्सेल शीटपाशी थांबून हसले मी, कारण आमच्याकडे अशीच एक वही होती, नवऱ्यानं पट्टीनं रकाने आखलेली. तो भूलतज्ज्ञ. त्याच्या ट्रेनिंगपायी आठ वर्षांत पाच घरं झाली आमची, त्यातली चार इंग्लंडात, त्यामुळे इंग्लंडबद्दल जे लिहितेय ते अंगावर घेतलेलं आहे, अमेरिकेबद्दलचं बरंचसं नणंदेच्या घरात बघितलेलं.

शीटमध्ये चूक कुठे झाली ते आधी सांगते. तुम्ही मार्क दिलेत ते जागांना. पण डॉक्टरचं ट्रेनिंग चालू असतं तेव्हा जागा तुम्ही निवडत नसताच, फार तर पसंतीक्रम देता आणि कुणीतरी तुम्हाला कुठेतरी टाकतं, आणि तिथूनही सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी उचलतं. मग ट्रेनिंग संपल्यावर खरी नोकरी लागते ती भलतीकडेच. म्हणजे तुम्हाला दोन वेगळे निर्णय घ्यायचेत, ट्रेनिंगची वर्षं कुठे काढायची आणि नंतर मुक्काम कुठे करायचा, आणि तुम्ही दोन्हीची बेरीज एकाच रकान्यात घातलीत, मग दोन मार्कांचाच फरक येणार.

दुसरं म्हणजे तिची शाखा. डॉक्टरची स्पेशालिटी हाच त्या कुटुंबाचा नकाशा असतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. फॅमिली डॉक्टर असेल तर तो कुठल्याही गावात राहू शकतो, उलट जितकं आडगाव तितकी त्याला मागणी. मानसोपचारवाल्यांचंही तसंच काहीसं. निओनेटॉलॉजिस्टचं तसं नाही. तिला लागतं व्हेंटिलेटरवरची बाळं ठेवणारं मोठं युनिट. ब्रिटनमध्ये नवजात बाळांच्या युनिट्सचे तीन थर आहेत, साधं स्पेशल केअर, मधलं लोकल निओनेटल युनिट आणि सगळ्यात वरचं एनआयसीयू, आणि हे वरचं मोठ्या शहरांतल्या मोजक्या हॉस्पिटलांतच असतं. अमेरिकेतही वरच्या लेव्हलचे एनआयसीयू मोठ्या केंद्रांतच एकवटलेले. त्यामुळे तुमचा शेवटचा मुक्काम कुठल्याही देशात गेलात तरी मोठ्या शहरातच आहे, आणि आत्ता ज्या छोट्या शहराची ऑफर आलीय ते फक्त वाटेतलं स्टेशन आहे. तिथल्या हवेला आणि ओळखीच्या लोकांना मार्क द्यायची गरजच नव्हती. तिथली शाळा बघायची ती एक-दोन वर्षांपुरती, आणि चार वर्षांच्या पोरीला त्या वयात काय, एक प्रेमळ बाई आणि एक मैत्रीण मिळाली की झालं.

आता अमेरिका. तिथे तिची एमडी धरत नाहीत, रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, पहिल्यापासून, पीडियाट्रिक्सची तीन वर्षं आणि वर निओनेटॉलॉजीच्या फेलोशिपची तीन, एकूण सहा. आणि सुरुवात उद्या होत नाही. स्टेप टू सीके द्यायची, इंग्रजीची ओईटी द्यायची, परदेशी पदवीधरांना लागणारं ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट घ्यायचं, सप्टेंबरात अर्ज, हिवाळाभर इंटरव्ह्यू, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मॅच, जुलैत कामाला सुरुवात. आज ठरवलं तरी दीड-दोन वर्षं सहज जातात. स्टेप वन २०२२ च्या जानेवारीपासून नुसती पास-नापास झाल्यामुळे सगळा भार आता स्टेप टूच्या मार्कांवर येतो, आणि एमबीबीएस होऊन किती वर्षं झाली हे बघून बरेच प्रोग्राम, म्हणजे ट्रेनिंग देणारी हॉस्पिटलं, अर्ज आधीच बाजूला काढतात, म्हणजे तिचं घड्याळ चालूच आहे. चांगली बाजू अशी की पीडियाट्रिक्स, मेडिसिन, फॅमिली मेडिसिन या शाखांत परदेशी पदवीधरांना तुलनेनं दार उघडं असतं, सर्जरी-त्वचारोगासारखी अवस्था नाही.

मॅचबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण नवरे-बायका तिथेच भांडतात. उमेदवार प्रोग्रामांची क्रमवार यादी देतो, प्रोग्राम उमेदवारांची देतात, आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. १९५२ पासून ही पद्धत चालू आहे, आत्ताचं गणित ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी नव्वदच्या दशकात दुरुस्त केलं, रॉथना याच प्रकारच्या कामासाठी २०१२ मध्ये लॉइड शॅप्लींबरोबर अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. यातलं तुमच्या कामाचं एवढंच की हे गणित उमेदवाराच्या बाजूनं झुकलेलं आहे, म्हणून "इथे आपण लागू शकू" असा अंदाज बांधून क्रम लावायचा नसतो, मनापासून जिथे जायचंय ते वर टाकायचं, त्यात तोटा होत नाही. पण निकाल बंधनकारक असतो. यादीत टाकलं म्हणजे हो म्हटलं. सतराव्या नंबरवर सहज म्हणून टाकलेल्या गावात लागलात तर तीन वर्षं तिथेच काढायची. म्हणून ती यादी तिनं एकटीनं रात्री दोनला ड्युटीवरून करायची नाही, तुम्ही दोघांनी करायची, आणि ज्या जागी तुमचा संसार चालणारच नाही ती यादीतून सरळ काढायची, खाली ढकलायची नाही. करोनानंतर इंटरव्ह्यू बरेचसे ऑनलाइनच होतात त्यामुळे ते गाव तुम्ही डोळ्यांनी बघितलेलंही नसतं, हेही लक्षात असू द्या.

आणि तुमच्या शीटमध्ये नसलेला सगळ्यात मोठा कॉलम, तुम्हाला काम करता येईल का? इथेच माझी नणंद अडकली. तिचा नवरा रेसिडेन्सीला जे-१ व्हिसावर गेला. जे-१ वाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला जे-२ मिळतो, त्यावर वर्क परमिटचा अर्ज करता येतो, तिनं केला, मिळालं, चांगली अकाउंट्समधली नोकरी धरली. पण जे-१ ची एक अट असते की ट्रेनिंग संपलं की दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायचं. ती टाळायची तर वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, लागतो. सगळ्यात जास्त लोक जातात तो कॉनरॅड ३०, प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा, आणि बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम. ते काम करायचं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. म्हणजे डॉक्टर एच-१बी वर गेला की जोडीदार एच-४ वर जातो, आणि एच-४ वर नोकरीची परवानगी २०१५ पासून मिळते ती मुख्यतः डॉक्टरच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल तर. नणंदेनं चार वर्षं जमवलेली नोकरी सोडली आणि एका आडगावात दोन वर्षं घरी बसली, नवऱ्याचं नाव झालं आणि हिचा बायोडेटा तिथेच थांबला. आजही ती विषय निघाला की चहाचा कप जरा जोरातच ठेवते. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच.

तुमच्या बायकोच्या बाबतीत यात आणखी एक पाचर आहे. कॉनरॅडच्या जागा देताना बरीच राज्यं आधी प्रायमरी केअरवाल्यांना घेतात, स्पेशालिस्टला उरलेल्यात बघावं लागतं, आणि एनआयसीयू तर मोठ्या शहरात. टंचाईचा भाग आणि मोठं युनिट हे दोन्ही एका ठिकाणी जुळवणं अशक्य नाही, प्रत्येक राज्याला दहा जागा लवचिकपणे वापरायची मुभा आहे, टंचाईच्या भागाबाहेरचं हॉस्पिटल पण पेशंट त्या भागातले असं चालतं, लोक करतात, पण तेव्हा तुम्ही राज्य निवडत नसता, राज्य तुम्हाला निवडतं. थेट एच-१बी वर रेसिडेन्सी देणारे प्रोग्राम आहेत, त्यासाठी स्टेप थ्री आधीच पास लागते, पण २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या फीचा आदेश निघाला आणि हॉस्पिटलं आणखी हात आखडते घ्यायला लागली.

इंग्लंडचं उलट आहे. तिकडे सुरुवात सोपी, पुढचा रस्ता अवघड. एमआरसीपीसीएच झालेलं असल्यामुळे तिला प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागत नाही, इंग्रजीची परीक्षा आणि जीएमसीचं, म्हणजे तिथल्या मेडिकल कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन झालं की काम सुरू. व्हिसा हेल्थ अँड केअर वर्करचा, त्यावर आरोग्याचा सरचार्ज माफ असतो. तुमच्या कानावर आलं असेल की इंग्लंडनं कुटुंब आणायला बंदी केली, ती २०२४ च्या मार्चपासून केअर वर्कर्सना आहे, डॉक्टरांना नाही. आणि डिपेंडंटला पहिल्या दिवसापासून जवळजवळ कुठलंही काम करता येतं, व्यावसायिक खेळाडू तेवढं होता येत नाही, ते तुम्ही या वयात होणार नाही असं मी धरते. सिव्हिल इंजिनियरला नोकरीसाठी तिथे लायसन्स लागत नाही, चार्टर्ड इंजिनियरचा दर्जा मिळवणं ही पुढची, हौसेची आणि बढतीची गोष्ट. पहिली नोकरी तुमच्या आत्ताच्या पदापेक्षा एक-दोन पायऱ्या खालची मिळेल, ती घ्या, साइटचा अनुभव बोलायला लागतो.

अवघड काय ते पण सांगते, उगाच गुलाबी रंगवत नाही. तिची जागा ट्रेनिंगची नाही. निओनेटॉलॉजिस्ट व्हायला पीडियाट्रिक्सच्या सात वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये मध्येच कुठेतरी शिरावं लागेल, तिच्या अनुभवावर वरच्या टप्प्यात जागा मागता येते, आणि मग शेवटच्या वर्षांत निओनेटॉलॉजीच्या जागेसाठी पुन्हा वेगळी निवड, तिला तिकडे ग्रिड म्हणतात. ट्रेनिंगच्या जागांवर गेल्या काही वर्षांत अर्जांचा पूर आलाय. २०२५ च्या जुलैत सरकारचा दहा वर्षांचा आराखडा आला त्यात तिथल्या पदवीधरांना आणि एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बऱ्यापैकी काळ काम केलेल्या डॉक्टरांना प्राधान्य द्यायचं म्हटलंय. यातलं पहिलं तिच्या विरुद्ध जातं, दुसरं तिच्या बाजूनं, पण दुसरं लागू व्हायला आधी तिथे काम केलेलं असायला हवं. ट्रेनिंगमध्ये नाहीच शिरता आलं तरी एक आडवाट आहे, पूर्वी तिला सीझर म्हणायचे, आता पोर्टफोलिओ पाथवे, नोकरी करत करत कामाचे पुरावे गोळा करून स्पेशालिस्ट रजिस्टरवर, म्हणजे तज्ज्ञांच्या अधिकृत यादीत, जायचं. कंटाळवाणी आहे, चार-चार वर्षं फायली जमवाव्या लागतात, पण घर एका जागी राहतं, आणि संसाराच्या दृष्टीनं मला ती कधीकधी ट्रेनिंगपेक्षा बरी वाटलीय. हे मत डॉक्टर लोकांना आवडणार नाही.

व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या हॉस्पिटलशी बांधलेला असतो. नोकरी संपली आणि दुसरी मिळाली नाही तर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. म्हणून एक वर्षाच्या करारात आठव्या महिन्यापासून पुढचं बघायला लागायचं. कायमच्या वास्तव्याला आत्तापर्यंत पाच वर्षं लागायची, २०२५ मध्ये तो काळ दहावर न्यायचा प्रस्ताव सरकारनं मांडला, तेव्हा पाच वर्षांत पक्कं होईल असं गृहीत धरून घर विकत घेऊ नका.

घरावरून आठवलं. आमचं इंग्लंडमधलं पहिलं घर हॉस्पिटलपासून चालत सात मिनिटांवर होतं, मी हट्टानं शोधलं होतं, नाइट करून आला की दहा मिनिटांत अंथरुणात. सहा महिने स्वर्ग. मग ऑगस्टचा पहिला बुधवार आला, तिकडे सगळ्या ट्रेनी डॉक्टरांची अदलाबदल त्या दिवशी होते, आणि नवऱ्याला त्याच डीनरीतलं, म्हणजे ट्रेनिंगच्या विभागातलं, पण सव्वा तास लांबचं हॉस्पिटल मिळालं. नाइट संपवून सव्वा तास गाडी हाकत यायचा, एकदा मोटरवेवर डुलकी लागता लागता राहिली, ते त्यानं मला तीन महिन्यांनी सांगितलं. त्यानंतर आम्ही एक शिकलो की डीनरीच्या नकाशावर सगळ्या हॉस्पिटलांवर टिंब मारायचं आणि घर मधल्या ठिकाणी, मोठ्या रस्त्याच्या नाहीतर रेल्वे स्टेशनच्या जवळ घ्यायचं, कुठल्याच हॉस्पिटलच्या शेजारी नाही, आणि तुमची नोकरी बघायची ती पण याच मधल्या ठिकाणाहून. तिची पहिली जागा नोकरीची आहे, रोटेशन नाही, म्हणून पहिल्या वर्षी जवळ राहा, पण भाडेकरार वर्षाचाच करा.

मुलीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शन, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग, सुरू होतो, त्याचे अर्ज आधीच्या १५ जानेवारीपर्यंत असतात. त्या तारखेनंतर पोचलात तर काउन्सिलकडे उशिरा अर्ज करायचा, वर्ग सुरू झाल्यावर पोचलात तर मधल्या वर्षाचा, शिल्लक असेल त्या शाळेत जागा मिळते. पत्ता आधी लागतो, शाळा नंतर. याच्यापुढे फार डोकं घालू नका.

ऑस्ट्रेलियाचं एका दमात उरकते. तिथे बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरला मेडिकेअरचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचं, बिल करायचं असेल तर दहा वर्षांपर्यंत टंचाईच्या भागातच काम करायची अट असते, १९७३ च्या कायद्यातलं १९एबी कलम. सरकारी हॉस्पिटलात पगारावर काम करणाऱ्याला ती तितकी बोचत नाही, आणि एनआयसीयू बहुतेक सरकारीच. शिवाय ब्रिटनमध्ये स्पेशालिस्टचं ट्रेनिंग पूर्ण करून गेलेल्यांना तिथे वाट सोपी होते. म्हणजे ऑस्ट्रेलिया हा तुमच्यासाठी आजचा पर्याय नाही, इंग्लंडनंतरचा आहे, आणि तो त्यासाठीच जपून ठेवण्यासारखा आहे.

तर माझं उत्तर, इंग्लंडच्या ऑफरला हो म्हणा. इंग्लंड भारी आहे म्हणून नाही. तिन्ही रस्त्यांत हा एकच असा आहे की त्यावर चालायला लागल्यावरही तुम्ही दोघं कमावते राहता, आणि नाही जमलं तर वर्षभरात परत फिरता येतं. अमेरिकेचा रस्ता एकदा धरला की सहा वर्षं ट्रेनिंग, तीन वर्षं वेव्हर, मध्ये सोडलं तर हातात काही नाही. तिला अमेरिकेचीच ओढ असेल, खरोखर तिलाच, बॅचमेटना नाही, तर मग तिनं इंग्लंडमधून स्टेप टू देऊन ठेवावी, पण दोन्ही दगडांवर पाय ठेवून किती महिने राहायचं ते आत्ता ठरवा. मी म्हणेन अठरा. अठराव्या महिन्यात ट्रेनिंगची जागा मिळालीय का, तुम्हाला बऱ्यापैकी काम लागलंय का, पोरगी शाळेत रमलीय का, एवढंच बघायचं, अकरा कॉलम नकोत.

आईंचं जास्त कठीण आहे आणि त्याला व्हिसाचं उत्तर नाही. इंग्लंडमध्ये आई-वडिलांना कायमचं नेणं कागदावर आहे, प्रत्यक्षात जवळजवळ मिळत नाही, पाहुणी म्हणून एका वेळी सहा महिन्यांपर्यंत येता येतं. त्यांना विचारलंय का तुम्ही? पत्रात त्यांचं वय आहे, तब्येत आहे, त्यांचं म्हणणं नाहीये. शेजारचं कोण, रात्री-अपरात्री किल्ली कुणाकडे, डॉक्टर कुठला, हे सगळं निघायच्या आधी लावून द्या आणि वर्षातून दोनदा यायचे पैसे पगारातून वेगळे काढा, ते बजेटमध्ये भाड्याच्या ओळीच्या वर लिहा.

नातेवाईकांचं काय सांगू. मी नवऱ्यामागे पाच घरं फिरले तेव्हा मला कुणी काही म्हटलं नाही, उलट किती समजूतदार म्हणाले. तुम्हीही तेच करताय. त्रास होईल तो नातेवाईकांमुळे नाही, तिसऱ्या महिन्यात होईल, ती नाइटला आणि तुम्ही पोरीला झोपवून एका नव्या घरात खिडकीबाहेर बघत बसलेले असाल आणि कुणाचाही फोन येणार नाही तेव्हा. त्यासाठी आधीच एक गोष्ट तुमची स्वतःची ठेवा, क्रिकेटचा क्लब, एखादा कोर्स, काहीही, फक्त तिच्या हॉस्पिटलच्या मित्रमंडळींतलं नको. ते लोक जेवतानाही पोटॅशियमवर बोलतात.

आणि हे छापून यायची वाट बघू नका, तीन आठवड्यांत उत्तर द्यायचंय ना? आज रात्री सांगा तिला.

प्रश्न : आम्ही दोघंही डॉक्टर, मी मेडिसिन, बायको सायकियाट्री, दोघंही यंदा अमेरिकेच्या मॅचला बसणार आहोत. कपल्स मॅच करावी की वेगवेगळं बसावं? मित्र म्हणतात एकत्र बसलं की दोघांचंही जातं.

उत्तर : मित्र अर्धं खरं सांगतायत. कपल्स मॅचमध्ये तुम्ही जोड्यांची यादी देता, हिचा हा प्रोग्राम आणि माझा तो, आणि एका जोडीत दोघंही बसले तरच ती जोडी लागते. जोड्या थोड्या दिल्या तर दोघंही रिकामे राहण्याची भीती खरीच आहे. पण यादीच्या तळाशी "एक लागला, एक नाही" अशा जोड्याही टाकता येतात, ते बरेच जण करत नाहीत आणि मग रडतात. त्या टाकायच्या की नाही हाच तुमचा खरा प्रश्न आहे, कारण त्याचा अर्थ एकानं वर्षभर थांबायचं, आणि कुणी थांबायचं ते यादी भरायच्या आधी ठरलेलं हवं, मार्चमध्ये नाही. दोघांच्या मार्कांत फार फरक असेल तर मी तरी एकत्रच बसायला सांगेन पण मोठ्या शहरांभोवती, जिथे तासाभराच्या अंतरात पाच-सहा प्रोग्राम आहेत. एकाच हॉस्पिटलचा हट्ट नको. आठवड्याला ८० तासांपर्यंत काम असतं, चार आठवड्यांची सरासरी धरून, दोघांचंही. एकाच छताखाली काम केलं तरी भेट कॉरिडॉरमध्येच होणार आहे.

प्रश्न : मिस्टर ऑर्थोपेडिक सर्जन. त्यांना इंग्लंडमध्ये एक वर्षाची फेलोशिप मिळालीय. मुलगा १५ वर्षांचा, शाळेची शेवटची दोन वर्षं, यायला साफ नाही म्हणतो. मुलगी ८, ती बॅग भरून बसलीय. सगळ्यांनी जावं का?

उत्तर : नाही. एका वर्षासाठी पंधरा वर्षांच्या पोराला उचलून नेऊ नका, तिथला अभ्यासक्रम वेगळा, परीक्षेची वर्षं वेगळी, तो तिथे धड बसेपर्यंत परत यायची वेळ होईल, आणि याचा राग तो पुढे बरीच वर्षं काढेल. मिस्टरांनी एकट्यानं जावं. फेलोशिपमध्ये तसेही ते ऑपरेशन थिएटरमध्येच राहणार, तुम्ही बरोबर असतात तरी संध्याकाळी सातला दमलेला माणूसच मिळाला असता. मुलीला अर्ध्यावर न्यायचं आणि मुलाला मागे ठेवायचं हा मधला मार्गही मला पटत नाही, भावंडं वेगळी करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

एकच धोका आहे. फेलोशिप एक वर्षाची म्हणून निघते आणि दहाव्या महिन्यात "अजून सहा महिने थांबतोस का" असं तिथले बॉस विचारतात, आणि सर्जन माणूस नाही म्हणत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं हे आत्ता विमानतळावर जायच्या आधी ठरवून घ्या, आणि मुलासमोर ठरवा.

सुट्टीत तुम्ही तिघं सहा आठवडे जा. तारखा लवकर पक्क्या करा, कारण मिस्टरांना रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, लागायच्या आधी रजा मागावी लागेल, निदान सहा-आठ आठवडे आधी, नाहीतर तुम्ही पोचाल आणि ते नेमके ऑन कॉल असतील.